फुरकान हो म्हणाला

पातूर, ४ जानेवारी २०२५

फुरकान,

सलाम. आधी मुख्य तेच लिहिते. अम्मी गेली. एकवीस डिसेंबरला, शनिवारी सकाळी, अकोल्याच्या दवाखान्यात. त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर इथं पातुरात दफन झालं. पित्ताशयात खडे होते, आत पू झाला होता. ऑपरेशन केलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

तुझा पत्ता नत्थुजी ड्रायव्हरांनी दिला. कापसाच्या गाठी घेऊन ते दक्षिणेत जातात. परवा दुकानात येऊन म्हणाले, "बाई, तुमचा फुरकान दिसला मले हुबळीले. ट्रकच्या बॉड्या बनवते तिथं. आधी त वळखच दिली नाई त्यानं." त्यांनी नंबर मागितला तर तू म्हणालास, मीच करीन. तू केला नाहीस, म्हणून हे पत्र. घरी आपण जे बोलतो ते मला लिहिता येत नाही आणि उर्दू तुलाही येत नाही. अब्बांनी दोघांना मराठी शाळेत घातलं त्याचा हा उपयोग.

चाळिसावा एकोणतीस जानेवारीला आहे. ये.

आलास की लोक तुझ्याशी बोलतील. तुझे आभारही मानतील. आपल्या धाकट्या बहिणीच्या, तुबाच्या शिक्षणासाठी, नव्या मशीनसाठी, अम्मीच्या औषधपाण्यासाठी. गोंधळू नकोस. फक्त मान हलव. आणि मोहसीन चाचांना हे सांगू नकोस की तुझा जुना नंबर बंद आहे.

बाकी भेटीत.

तुझी आपा,
रईसा


पातूर, ११ जानेवारी २०२५

फुरकान,

ते पत्र पेटीत टाकलं तेव्हापासून कामाला हात लागत नाही. 'फक्त मान हलव' असं लिहून माणसाला बोलावू नये. कशाला मान हलवायची ते तुला माहीत पाहिजे.

अब्बा गेले तेव्हा तू तीन दिवस आला होतास. निघताना बॅग तुझ्या खांद्यावर होती, आणि चाचांनी दुसऱ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "आता या घराचा बडा तू. तुले विचारल्याशिवाय इथं काडी हालनार नाई." तू खाली बघून 'जी' म्हणालास. तू तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतास आणि मी तेहेतीस. बाळापूरचं सासर सोडून मला सात वर्षं झाली होती. त्यातली पाच वर्षं गाद्यांचं दुकान मीच चालवत होते, कारण अब्बांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. कापूस कुणाकडून घ्यायचा, तो कितीदा पिंजायचा, कोणत्या गादीला टाके किती जवळ घालायचे, हे मला विचारून होत होतं. पण घराचा बडा तू.

मी तुला फोन करत राहिले. कापूस पिंजायच्या मशीनचा पट्टा सारखा तुटतो, नवी घेऊ का? तू म्हणायचास, "बघू." मागच्या खोलीचं छप्पर बदलू का? "बघू." मग तेही बंद झालं. एकवीस साली मार्चमध्ये नंबर लागेनासा झाला.

त्याच वर्षी तुबाचा अमरावतीला फार्मसीला नंबर लागला. मी पंधरा दिवस चाचांना सांगत होते की पाठवू या. राजापेठेत मुलींचं वसतिगृह आहे, मी स्वतः जाऊन बघून आले, तिथली बाई कडक आहे, गेट सातला बंद होतं. चाचा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक हाये. फुरकानले विचारलं का?" अम्मीचंही तेच. तुबा जेवणं सोडून बसली होती. प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस उद्यावर आला. मी फोन घेऊन गच्चीवर गेले. तुझा नंबर लावला. बंद. खाली अंगणात चाचा बसले होते, त्यांना मी दिसत होते. फोन कानावरून काढायला हात होईना, आणि मी बोलायला लागले. "हो. हो रे. वसतिगृह चांगलं आहे. मी बघितलं. बरं. बरं, सांगते."

खाली येऊन म्हटलं, "फुरकान हो म्हणाला."

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाहा," ते अम्मीला म्हणाले, "पोरगा समजदार हाये. मी त पैलेच म्हनत होतो."

पंधरा दिवसांचं भांडण एका मिनिटात संपलं. मी आत जाऊन तोंडावर ओढणी दाबून हसले. खरंच सांगते, त्या दिवशी मला फार हसू आलं.

मग मशीन आली. तू हो म्हणालास. छप्पर झालं. तू म्हणालास, टिनाचं नको, स्लॅब घाला. सगळ्यालाच हो म्हटलं तर संशय येईल म्हणून तू नाहीही म्हणायला लागलास. चाचांना दुकानाचा पुढचा भाग एका मोबाईलवाल्याला द्यायचा होता. मी गच्चीवर गेले, खाली आले, म्हटलं, "फुरकान नाही म्हणतो." चाचा दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्याचंबी बराबर हाये." माझं म्हणून सांगितलं असतं तर दोन वर्षं चिडले असते.

हळूहळू तुझी बोलायची रीत ठरत गेली. तू आधी खाकरतोस. लगेच उत्तर देत नाहीस. मी विचारलं की थांबतोस, आणि मी त्या थांबण्यात खरोखर थांबते. कधी कधी तू असं काही सांगायचास की मला ते सुचलेलं नसायचं. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही.

मग एका जुम्म्याला अम्मी म्हणाली, "मलाही बोलू दे त्याच्याशी."

मी सांगितलं, तिथं कारखान्याचा आवाज फार आहे, तुझं त्याला ऐकू जातं, त्याचं तुला येणार नाही. तिनं बंद फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. "बेटा, जेवलास का?" म्हणाली आणि गप्प राहिली. तू उत्तर द्यावंस एवढा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रईसा फार थकते रे. तिला म्हणत जा, जरा बसत जा म्हणून."

मी तिच्या समोर उभी होते. मला ती असं कधी म्हणाली नाही.

त्यानंतर दर जुम्म्याला, दुपारची भांडी झाली की ती हात पुसून फोन मागायची. तीन वर्षं. माझ्याविषयी जे काही चांगलं बोलली ते तिनं त्या फोनमध्ये बोलून ठेवलं.

रईसा


पातूर, १९ जानेवारी २०२५

फुरकान,

तुझं उत्तर नाही. पत्रं पोचली की नाही कोण जाणे. तरी आज अर्धवट राहिलेलं लिहून टाकते, म्हणजे माझ्याकडे काही उरणार नाही.

मोर्शीला वसीउल्ला म्हणून एक आहेत. संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे त्यांची. बायको वारली, दहा वर्षांची मुलगी आहे. तेवीसच्या थंडीत रजया भरून घ्यायला आले होते, कारण त्यांच्या बहिणीनं आपलं दुकान सांगितलं होतं. कमी बोलणारा माणूस. कापूस हातात घेऊन बघायचे आणि मला विचारायचे, "तुमच्या मते कोणता घ्यावा?" चौथ्यांदा आले तेव्हा रजई वगैरे काही नव्हती. बहिणीला सोबत आणलं होतं. तिनं अम्मीला विचारलं.

अम्मीचा चेहरा उजळला. चाचाही नाही म्हणाले नाहीत. फक्त एवढंच, की फुरकानला विचारा.

मी गच्चीवर गेले. सोप्यात सोपं काम होतं ते. चार मिनिटं उभं राहायचं आणि खाली येऊन सांगायचं. तुबासाठी केलं, मशीनसाठी केलं, छपरासाठी केलं. फोन कानाला लावला. तू खाकरलास. मी म्हटलं, मोर्शीचं स्थळ आहे, माणूस बरा आहे. तू थांबलास. मी वाट बघितली. मग तू म्हणालास, "आणि अम्मीचं काय? दुकानाचं? लोक काय म्हणतील, या वयात?"

मी म्हटलं, फुरकान, तू हो म्हण. तू म्हटलं नाहीस.

मी खूप वेळ तिथं उभी राहिले. तू नव्हतासच, हे मला कळत होतं. सगळं बोलणं माझंच होतं, हे लहान मुलालाही कळलं असतं. पण माझ्या तोंडून तुझा हो निघेना. खाली आले आणि म्हटलं, "फुरकान नाही म्हणतो." त्या जुम्म्याला अम्मीनं तुझ्यापाशी माझा विषय काढला नाही. पहिल्यांदाच.

वसीउल्लांनी चोवीसच्या एप्रिलमध्ये लग्न केलं. लग्नाच्या गाद्या आपल्याच दुकानातून गेल्या. टाके मी घातले.

त्यानंतर मी गच्चीवर जायला भ्यायला लागले. कपडे वाळत घालायलासुद्धा तुबा सुट्टीवर येण्याची वाट बघायचे. पण अम्मीचं दुखणं वाढलं आणि डिसेंबरात तिला अकोल्याला हलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनमध्ये धोका आहे, साखर जास्त आहे, हृदय अशक्त आहे. नाही केलं तर विष अंगभर पसरेल. काय ते तुम्ही ठरवा, पण आज ठरवा. चाचांनी माझ्याकडे बघितलं. अम्मीनं डोळे मिटूनच विचारलं, "फुरकान काय म्हणतो?"

मी व्हरांड्यात गेले. तिथं खिडकीपाशी उभी राहिले. या वेळी तू आलाच नाहीस. मी फोन कानाला लावून उभी, आणि पलीकडे काही नाही, साधा माझा श्वास. मी डॉक्टरांचं बोलणं दोनदा मनात फिरवलं. मग आत जाऊन सांगितलं, "फुरकान करा म्हणतो."

अम्मी म्हणाली, "तो म्हणतो तर करू." आणि अंगठा दिला.

मला विचारलं असतं, रईसा तुझं काय म्हणणं, तर मीही हेच सांगितलं असतं. पण माझ्या सांगण्यावर तिनं अंगठा दिला नसता. कदाचित अजून एक उन्हाळा काढला असता. कदाचित चार दिवसही नाही. हे कुणाला विचारायचं, फुरकान?

आत नेण्याआधी तिनं चाचांना जवळ बोलावलं. माझ्यासमोरच म्हणाली, घर आणि दुकान फुरकानचं. "सगळं त्यानंच पाहिलं." मी तिची चादर नीट करत होते. करत राहिले.

चाचा सगळ्यांना सांगतात, अल्लाची मर्जी, पोरानं चांगल्यासाठीच केलं होतं. दफनाला तुला पोचता येणार नाही, हेही मीच तुझ्या नावानं सांगितलं. तुला कुणी दोष देत नाही. तेवढं मनात ठेवू नकोस.

रईसा


पातूर, ९ फेब्रुवारी २०२५

फुरकान,

तू येऊन गेलास. समोर होतास तेव्हा जे बोलता आलं नाही ते पुन्हा कागदावरच लिहावं लागतंय.

अठ्ठावीसच्या सकाळी तू बसमधून उतरलास आणि मी तुला ओळखलं नाही. केस पांढरे झाले आहेत तुझे. गच्चीवर तू मला म्हणालास, "आपा, तुया हरेक फोनमंदी एक सवाल राहायचा. मशीन घेऊ का, छपराचं काय करू. मले त्यातलं काय समजत होतं? मोबाईल वाजला की उशीखाली दाबून ठेवायचो. मंग एक दिवस सिमच काढून फेकलं." आणि हेही म्हणालास, की हुबळीत सगळं तुझी बायको, मेहरून, ठरवते, तुझ्या हातात पगाराचं पाकीटही नसतं, आणि बाहेर तू सांगत फिरतोस की मी ठरवलं. हे सांगताना तुला रडू आलं. माझ्या मनात तुझ्यासाठी पाच वर्षांचा राग होता, तो मला सापडेना. वाटलं, आपण दोघं एकाच ओझ्याच्या दोन टोकांना उभे होतो.

मग डोळे पुसून तू विचारलंस, "मी काय काय म्हटलं ते एकदा पुरं सांग. चुकायले नको."

मी सांगितलं. तू शाळेतल्यासारखं माझ्यामागून म्हणत गेलास. टिनाचं नको, स्लॅब. मोबाईलवाल्याला नाही. मोर्शीचं आलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "ऑपरेशनलेबी हो?" मी म्हटलं, हो.

चाळिसाव्याच्या दिवशी मी दाराआडून तुला बघत होते. पहिल्या माणसानं तुझा हात हातात घेऊन म्हटलं, मुलगा असावा तर असा. तू अवघडलास. दुसऱ्यानं म्हटलं, तू हसलास. तिसऱ्याला तू म्हणालास, "फर्ज होता माझा." तुबानं तुझ्या गळ्यात पडून सगळ्यांना सांगितलं, माझ्यासाठी भाई चाचांशी भांडला. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. मला थंडी वाजायला लागली. ज्या फुरकानशी मी तीन वर्षं बोलत होते त्यानं असं घेतलं नसतं. तो निदान लाजला असता.

एकतीसला तू गेलास. जाताना नवा नंबर चाचांना दिलास. मी हात पुढे केला तर म्हणालास, "मोठ्या मानसापाशी राहू दे."

आता शुक्रवारचं सांगते. चाचा कागद घेऊन आले. त्यांच्यासोबत तोच मोबाईलवाला होता. दुकान विकायचं, तुबाचं लग्न करायचं, मी चाचांच्या घरी राहायचं. अम्मीच्या नुसत्या बोलण्यावर विक्री होत नाही, आम्हा दोघी बहिणींच्या सह्या लागतात, म्हणून आले होते. चाचा वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की बिनमर्दाच्या घरात दोघी बायका कशा राहतील. मी म्हटलं, फुरकानला हे माहीत आहे का?

"आत्ता विचारतो," म्हणाले आणि फोन घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरले. मी आतून बघत होते. त्यांनी फोन कानाला लावला आणि लगेच बोलायला लागले. "हां बेटा. हां. मंग? ठीक." पलीकडे रिंग वाजायला तरी वेळ लागतो, फुरकान. ही चूक मी पहिल्या दिवशी केली होती. नंतर कधी केली नाही.

वर येऊन म्हणाले, "फुरकान हो म्हणतो. कर सही."

तू खरंच बोलला असशील, नसशील. मला आता ते कळायचा काही मार्ग नाही. मी दुसऱ्यांना जे दिलं होतं ते माझ्या ताटात आलं होतं.

मी म्हटलं, "फुरकान हो म्हणत असेल. मी नाही म्हणते."

"तू नाही म्हनते म्हंजे?" चाचांना ते खरंच समजलं नाही. माझ्यामागे कुणी उभं आहे का, असं बघितलं त्यांनी.

मग मी सांगितलं. दुकानात, त्या परक्या माणसासमोर, शनिवारी जायचं म्हणून तुबा बॅग भरत होती तिला हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. बंद नंबर, गच्ची, वसतिगृह, मशीन, स्लॅब. चाचा आधी हसले. "अम्मीच्या जान्यानं हिच्या डोक्यावर असर झाला." मी त्यांना तारखा सांगितल्या. तुला लिहिलेल्या पहिल्या दोन पत्रांच्या कच्च्या प्रती दाखवल्या. हसणं थांबलं.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अन् आपरेशन?"

"तेही मीच म्हटलं."

ते खाली बसले. भावजय होती ती त्यांची, पन्नास वर्षांची ओळख. मग म्हणाले, "म्हंजे तू मारलं तिले."

शुक्रवारी सकाळपर्यंत ते ऑपरेशन अल्लाची मर्जी होतं. तुझ्या तोंडचं होतं तोवर.

मोबाईलवाला कधी गेला मला कळलं नाही. कागद तिथंच पडला होता. मी त्याची घडी करून चाचांच्या खिशात ठेवली आणि त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

रईसा


पातूर, २३ फेब्रुवारी २०२५

फुरकान,

तुझं कार्ड मिळालं. "आपा, चाचांना मी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं." मी ते दोनदा वाचलं. खोटं नाही त्यात काही. तू तसाच आहेस, आणि त्याचा मला राग नाही.

हे पत्र तुला विचारायला लिहीत नाही, कळवायला लिहिते. दुकान विकायचं नाही. तुझा हिस्सा तुझा आहे, तो मी नाकारत नाही. हवा असेल तर मेहरूनला घेऊन ये, बसून बोलू. तिला नक्की आण.

तुबा माझ्याशी बोलत नव्हती. अमरावतीला गेल्यावर दोन आठवडे फोन उचलला नाही. मला वाटलं, खोटं बोलले म्हणून. काल तिचा फोन आला. म्हणाली, "आपा, माझ्या खोलीतल्या मुलींना मी सांगायचे, माझा भाऊ तिकडे राबतो आणि तिथून माझ्यासाठी भांडतो. त्यांचे भाऊ असे नव्हते. माझाच होता." मग म्हणाली, "तू माझा भाऊ नेलास." मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, शेवटची परीक्षा झाली की येईन. सहीचं मी तिला काही म्हटलं नाही, पण तिनंही चाचांना 'नाही' म्हणून कळवलं आहे.

चाचा येत नाहीत. बाजारात बायका मला बघून बोलणं तोडतात. एकदा मागून ऐकलं, "हीच ते. मायले आपरेशनले पाठवलं, भावाचं नाव सांगून." घरी आल्यावर मी आरशात बघितलं, तशी बाई दिसते का म्हणून. अम्मीच्या खाटेवर अजून झोपवत नाही. जुम्म्याला दुपारी भांडी झाली की हात पुसते आणि काय करू ते कळत नाही.

गेल्या सोमवारी एक बाई आली, माणिकबाई नावाची, पातूरजवळच्याच खेड्यातली. जुनी गादी मोडून कापूस पिंजून मागत होती. मी कापूस बघत होते तर ती जायला तयार नाही. इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी तिनं आजूबाजूला बघितलं.

"तुमच्याबद्दल आयकलं मी," म्हणाली.

मी मान खाली घालून खोळ उसवत राहिले. वाटलं, आता ही पण बोलेल.

"माझ्या पोरीच्या पोटात गोळा हाये. कापा म्हनतात अकोल्याचे डाक्टर. जावई म्हनते घरी विचारून सांगतो, अन् त्याच्या घरी कोनी काई बोलत नाई. तीन हप्ते झाले. पोरगी सुकून राहिली." मग माझ्या हातातल्या खोळीचं टोक धरलं तिनं. "तुमी कसं ठरवलं होतं, बाई?"

मी कात्री ठेवली. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. काय केलंस, कुणाच्या नावानं केलंस, हेच सगळे विचारत होते. मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, मी मनात काय धरलं आणि काय सोडलं ते सांगितलं. आमची अम्मी म्हातारी होती, तुमची पोरगी जवान आहे, दोन्ही एक नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे ते तिच्याकडून पाठ करून घेतले. आणि अम्मी तिसऱ्या दिवशी गेली हे लपवलं नाही.

तिनं विचारलं, "पस्तावता का?"

"रोज," मी म्हटलं. "पन मीच ठरवलं होतं, हे आता सांगता येते."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मी उद्या पोरीले घेऊन अकोल्याले जातो. जावई मागून येईन." आणि उठली. गादी कधी न्यायला येऊ, विचारायलाही विसरली.

तिचा कापूस मी दोनदा पिंजला. गादी भरून झाली आहे, टाकेही घातले. अजून ती आलेली नाही.

रईसा